मालगाडीचा शेवटचा डबा

जयप्रकाश कुडतरकर आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत कोणाची कोणाशी नीट ओळख नव्हती. सगळेच कुठून ना कुठून आलेले. कुडतरकर आले कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमधून. गाव कुडाळकडचं, पण उभी हयात रेल्वेत गेली. मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले. मुलाला, आशुतोषला, वाशीला नोकरी लागली आणि त्याने इथे फ्लॅट घेतला, म्हणून नवराबायको दोघं इथे आले.

"गार्डचं नेमकं काम काय हो?" असं कोणी विचारलं की ते हसायचे. "काय नाय. शेवटच्या डब्यात बसायचं, झेंडी दाखवायची. बसून पगार."

वैजयंतीकाकू त्यात भर घालायच्या. "तिकडे बसून आणि घरी आले की झोपून. आमचा आशू कुजबुजतच बोलायला शिकला. ह्यांची झोप मोडायला नको ना!"

मग दोघंही हसायचे, आणि आपणही हसायचं. आरामाची नोकरी करून आलेला एक सुखी माणूस, असंच आम्ही त्यांना धरून चाललो होतो.

मी तेव्हा पावण्याला रंगाच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. सत्त्याण्णवची दिवाळी झाल्यावर कुडतरकरांनी गॅलरीला ग्रील बसवायचं काढलं. पावण्यात माझ्या ओळखीचा एक फॅब्रिकेशनवाला होता. एका शनिवारी दुपारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याच्या शेडला लागूनच भंगाराचं यार्ड होतं. मधे भिंत अशी नव्हतीच, जुने पत्रे उभे केलेले. ग्रीलला साधे चौकोन हवेत की फुलाची डिझाईन, असं बोलणं चाललं होतं, आणि कुडतरकरांचं लक्ष मधेच उडालं. पत्र्यांच्या फटीतून ते पलीकडे बघत होते.

"वामनराव," ते मला म्हणाले, "ती बघा."

"काय?"

"ब्रेकव्हॅन. गार्डचा डबा."

यार्डात मालगाडीचे जुने डबे आणून टाकले होते. रेल्वेने मोडीत काढलेले, यार्डवाल्या शेठने लिलावात उचललेले. तीन डब्यांच्या बाजू गॅस कटरने आधीच कापून झाल्या होत्या. चौथा कोपऱ्यात अजून अख्खा उभा होता. चार चाकांचा, बुटका, दोन्ही टोकांना ओटीसारखी मोकळी जागा आणि मधे एक खोली. रंग कधीकाळी तांबडा असावा. छपराचा पत्रा एका बाजूने लोंबत होता.

कुडतरकर यार्डात गेले खरे, पण डब्याजवळ जाईनात. लांबूनच बघत राहिले. तेवढ्यात कटिंग करणारा माणूस कपाळावर काळा चष्मा चढवून आमच्याकडे आला. त्याचं नाव हौसेराव. पाटणकडचा, सातारा जिल्ह्यातला. दिघ्याला राहायचा आणि रोज पावण्याला यायचा.

"काका, काय बगताय?"

"ही पण कापणार?"

"व्हय. ह्या तिघांचं उरकलं की सोमवारी त्यो घ्यायचा."

"नको कापू," कुडतरकर म्हणाले.

"आं? का वो?"

कुडतरकरांनी माझ्याकडे पाहिलं. जणू उत्तर मलाच माहीत होतं. मग म्हणाले, "थोडे दिवस नको. मी शेठशी बोलतो."

शेठ काही वाईट माणूस नव्हता. "मला काय, लोखंड ते लोखंडच," तो म्हणाला. "न्यायचा असेल तर घेऊन जा, भंगाराच्या भावात देतो. पण जागा अडते माझी. उन्हाळ्यापर्यंत ठेवीन, पुढे नाही."

परत येताना मी स्कूटरवर त्यांना विचारलं, "तुमचीच होती का ती?"

"काय माहीत! रोज वेगळी मिळायची. हीत मी बसलो असेनही, नसेनही."

"मग घेऊन काय करणार?"

"तेच तर," ते म्हणाले. ग्रीलची डिझाईन ठरवायची राहूनच गेली.

त्यानंतर त्यांनी पावण्याला खेपा घालायला सुरुवात केली. घरी सांगायचे, ग्रीलचं काम बघून येतो. यार्डात जाऊन ते त्या डब्याचा गंज घासत बसायचे. जेवणाच्या सुट्टीत मीही तिथे डोकावायचो. हौसेराव डबा खाऊन त्याच ब्रेकव्हॅनमध्ये आडवा व्हायचा.

"हितं लई बरं वाटतंय," तो एकदा म्हणाला. "दोन्हीकडनं वारं खेळतंय."

कुडतरकर एकदम चिडले. "बरं वाटतंय? उभी आहे म्हणून बरं वाटतंय. चालत्या गाडीत बस, मग सांग!"

हौसेराव उठून बसला. "आवो, मग एवढी वंगाळ हाय तर घासताय कशाला?"

कुडतरकरांच्या हातातला पॉलिशपेपर थांबला. मग ते पुन्हा घासायला लागले.

हौसेरावच मग त्यांना मदत करू लागला. लोंबणारा पत्रा त्याने वर बांधला. आतल्या फळ्या उचकटल्या, तेव्हा हात लावताच त्यांचा भुगा झाला. खालची जमीनही कुजलेली. ठीक होता तो लोखंडी सांगाडा, चाकं आणि हाताने फिरवायचं ब्रेकचं चाक.

"काका, फळ्या नव्या घालायच्या, पत्रा नवा, दारं नवी," हौसेराव म्हणाला. "मग ह्यो डबा जुना कसला? नवाच झाला की."

हे बोलणं कुडतरकरांच्या डोक्यात जाऊन बसलं. जिन्यात गाठून त्यांनी मलाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "गावच्या देवळाचा जीर्णोद्धार करतात, भिंती नव्या, कळस नवा. तरी देऊळ तेच म्हणतो ना आपण?"

"देवळात देव असतो वामनराव. ह्यात काय आहे?"

ते दोन पायऱ्या चढले, परत खाली आले. "बरं, हिला जाऊ दे म्हटलं, तर रात्री झोप लागत नाही. ठेवू म्हटलं, तर तिच्याकडे बघवत नाही. असं कधी होतं का माणसाचं?"

शेवटी आशुतोषच्या कानावर गेलं आणि त्याने वाट काढली. पंप हाऊसशेजारी सोसायटीची मोकळी जागा होती. तिथे डबा आणून ठेवायचा, रंगवायचा, मुलांना खेळायला होईल. खर्च तो स्वतः करणार होता. सोसायटीने फक्त हो म्हणायचं. सेक्रेटरींनी रविवारी सकाळी मीटिंग बोलावली. पार्किंगमध्ये सतरंज्या टाकल्या, खुर्च्या मांडल्या. बायका एका बाजूला बसल्या. वैजयंतीकाकू त्यांच्यात पुढेच होत्या. हे ग्रीलचं प्रकरण नव्हतं, हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि त्या थोड्या फुरंगटलेल्या दिसत होत्या.

आशुतोषने छान सांगितलं. जुनी वस्तू जपायला हवी, पुढच्या पिढीला दिसायला हवी, वगैरे. लोक ऐकत होते. एकदोघांनी विचारलं, पोरं वर चढून पडली तर? उंदीर झाले तर? पण वातावरण तसं अनुकूल होतं. मग सेक्रेटरी म्हणाले, "कुडतरकर, तुम्ही दोन शब्द बोला. तुमचं तर आयुष्य गेलं त्यात."

कुडतरकर उभे राहिले. बराच वेळ त्यांना सुरुवातच सापडेना.

तेव्हा पहिल्या रांगेतून कोणीतरी मदत म्हणून म्हणालं, "मस्त निवांत जागा असेल ना काका? एकटा माणूस, सोबत पुस्तक, बाहेर निसर्ग."

"निवांत?" कुडतरकर म्हणाले. "अहो, त्यात दिवा नसायचा. आपला कंदील आपण न्यायचा. संडास नाही. पाणी बाटलीत असेल तेवढंच. सिग्नल नाही मिळाला की लूपला उभं करून ठेवायचे, कधीकधी सबंध दिवस. जवळ ना गाव ना झाड. थंडीत कसारा घाटात बोटं वळायची नाहीत. आणि गाडी सुटताना पुढून एकेक डबा ओढ घेत यायचा, तो सगळा झटका शेवटी आमच्या अंगावर. बाकावरून माणूस उडायचा. दात हलले माझे त्यात. एकदा खांदा निखळला, तो तसाच धरून मनमाडपर्यंत गेलो."

खुर्च्यांवरचे लोक पुढे सरकून ऐकत होते.

"खांदा?" वैजयंतीकाकू उभ्या राहिल्या. "तुम्ही तर म्हणालात, इगतपुरीला जिन्यावरून पडलात!"

कुडतरकर थांबले. आपण काय बोलून बसलो, ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"माका खोटा कित्याक सांगलात?" काकूंनी विचारलं. सगळ्या सोसायटीसमोर, आपल्या गावच्या बोलीत. चारचौघांत त्या तसं कधीच बोलायच्या नाहीत.

"तुका घोर नको म्हणान," ते हळूच म्हणाले आणि खाली बसले.

सेक्रेटरींनी खोकून विचारलं, "मग कुडतरकर, एवढं सगळं वाईट होतं, तर ती वस्तू इथे आणून ठेवायची कशासाठी?"

"तेच मला कळत नाहीये," कुडतरकर म्हणाले.

हात वर करून मत घेतलं, तेव्हा बहुतेकांनी नको म्हटलं. मी हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंतीकाकू आमच्या दारात. चांगली साडी नेसून, पर्स घेऊन. "वामनभाऊ, मला पावण्याला न्या. ह्यांना सांगू नका."

मी नेलं. हौसेरावने एक लाकडी खोकं उलटं ठेवून त्यांना वर चढायला पायरी करून दिली. काकू आत गेल्या. फळ्या उचकटलेल्या, खाली नुसत्या लोखंडी पट्ट्या. एका बाजूचं बाकडं तेवढं शिल्लक होतं. त्यावर त्या जाऊन बसल्या. रुमाल वगैरे काही न टाकता.

"डबा कुठे खायचे?" त्यांनी विचारलं.

मला काय माहीत? हौसेराव म्हणाला, "तिथंच बसून खात आसतील की. दुसरी जागाच न्हाई."

"आणि रात्री पाठ टेकायला?"

"टेकायची कशी? झोपून चालतंय व्हय त्येंना?"

काकू पुष्कळ वेळ बसून राहिल्या. उन्हाने पत्रा तापला होता, आत भट्टीसारखं झालं होतं. मी म्हटलं, बाहेर येता का, तर नको म्हणाल्या. शेवटी उतरल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज रागाचा होता. "जरा झोप झाली की मी ओरडायचे त्यांच्यावर. लोळताय काय, दळण आणा, आशूला शाळेत सोडा. आणि हा माणूस उठून जायचा! एकदासुद्धा तोंड उघडलं नाही." मग हौसेरावकडे वळून म्हणाल्या, "हे कापायचं नाही. कळलं?"

गंमत म्हणजे इकडे कुडतरकरांचा विचार फिरला होता. मीटिंगनंतर त्यांना लोकांसमोर जायची लाज वाटायला लागली. त्याच आठवड्यात ते यार्डात गेले आणि हौसेरावला म्हणाले, "कापून टाक. लोकांना दाखवण्यासारखं काही नाही त्यात."

"काकी तर नगं म्हनून सांगून गेल्यात."

"काकी? ती कधी आली होती?"

हौसेरावने सगळं सांगितलं. कुडतरकर डोक्याला हात लावून खोक्यावर बसले. हौसेरावने पेटवलेला कटर विझवून खाली ठेवला. "तुमी दोगं आदी घरी ठरवा, मग मला सांगा. माज्या डोस्क्याचं पार भजं झालंय."

घरी काही ठरलं नाही. काकू म्हणायच्या ठेवायची, आणि होती तशीच ठेवायची. कुजलेल्या फळ्यांच्या जागी तशाच फळ्या, तसंच उघडं बाकडं. आशुतोष म्हणायचा, ठेवायची तर चांगली करून ठेवू, नाहीतर बघायला कोण येईल? कुडतरकर एक दिवस एकाच्या बाजूने, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. तिसऱ्या दिवशी म्हणायचे, जाऊ दे, लोखंड आहे, वितळेल, कोणाच्या तरी घराच्या सळया होतील, ते काय वाईट आहे? हा प्रश्नही खरा होता.

उन्हाळा तोंडावर आला तशी शेठने घाई सुरू केली. आणि त्याच सुमारास देवजी नावाचा एक माणूस यार्डात आला. उरणजवळच्या मोऱ्याचा, कोळी. आधी मासेमारीत होता, आता मोरा बंदराच्या रस्त्यावर त्याने खानावळ काढली होती. आला होता शेडसाठी जुने पाईप बघायला. ब्रेकव्हॅन बघून तिथेच थबकला.

"यो डबा कोनाचा हाय?"

हौसेरावने कुडतरकरांकडे बोट दाखवलं. तेव्हा मीही तिथेच होतो.

"माजा नाय," कुडतरकर गडबडून म्हणाले. "म्हणजे शेठचा. मी नुसता घासतो."

"मना पायजेल. हाटेलासमोर ठेवीन. लोकं येतील जेवाला, पोरांना मजा."

"आत बाकं कशी करणार?"

"मऊ करीन. पंखा, ट्यूबलाईट, पडदं. फस्क्लास!"

"ब्रेकचं चाक ठेवा," कुडतरकर एवढंच म्हणाले.

"ठेवतंय ना. तीच तर खरी शोभा हाय."

आठवडाभरात क्रेन आली, ट्रेलर आला, आणि डबा ठाणे-बेलापूर रोडने उरणच्या दिशेला गेला. आशुतोष खूश झाला. "बाबा, वाचली की नाही शेवटी?" कुडतरकर म्हणाले, "हो, वाचली," आणि आत जाऊन पेपर उघडून बसले. हौसेरावने जेवणानंतर आडवं व्हायला दुसरी जागा शोधली, एका जुन्या बॉयलरच्या सावलीत.

पावसाळा संपल्यावर देवजीने जेवायला बोलावलं. कुडतरकर नवराबायको, मी आणि माझी बायको असे चौघं उरणच्या बसने गेलो. डबा लांबूनच दिसला. रुळांच्या दोन तुकड्यांवर उभा, लालभडक, खाली पिवळी पट्टी. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. आत रेक्झिनच्या गाद्या, मधे टेबलं, वर पंखा. ब्रेकचं चाक चकाचक घासून ठेवलं होतं, पण मुलं फिरवून हात अडकवतील म्हणून वेल्डिंग करून टाकलं होतं.

कुडतरकर आत गेले आणि उभेच राहिले. गादीवर बसले, पुन्हा उठले. खिडकीतून बाहेर बघितलं. मागच्या ओटीवर जाऊन आले. ओळखीची जागा शोधणाऱ्या माणसासारखे वागत होते, आणि ती सापडत नव्हती.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब जेवत होतं. त्यांनी वाढणाऱ्याला विचारलं, "हा कसला डबा?"

"मोठ्या सायबांचा," तो म्हणाला. "इंग्रजांच्या टायमाचा. ह्यात बसून सायब फिराला जायचं."

"गार्डचा आहे तो," वैजयंतीकाकू इकडून म्हणाल्या. "मालगाडीच्या गार्डचा."

"हां, तेच ते," वाढणारा म्हणाला आणि भाकऱ्या आणायला गेला.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. आता ते काहीतरी बोलतील असं मलाही वाटलं. त्या कुटुंबातली एक छोटी मुलगी वळून त्यांच्याकडे बघत होती.

"आजोबा, तुम्ही होता का ह्यात?"

"होतो," कुडतरकर म्हणाले.

"मजा यायची?"

त्यांनी पंख्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "आत्ता येतेय," ते म्हणाले. मग स्वतःच दचकल्यासारखे झाले. काकू त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देऊ लागल्या. असं मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं.

निघताना देवजीने विचारलं, "कसा काय वाटला डबा?"

"चांगला केलात," कुडतरकर म्हणाले. "खूप चांगला." देवजी तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

परतीच्या बसमध्ये ते दोघं पुढच्या सीटवर होते, आम्ही मागे. जासई जवळ आली. मग काकूंनी विचारलं, "आशूच्या बारशाला तुम्ही आला नाहीत, तेव्हा कुठे होतात?"

"नाशिकच्या अलीकडे. लूपला उभे होतो."

"मला तर म्हणालात, साहेबांनी रजा दिली नाही."

"असं म्हणालो होतो?"

"आणि ते हाताला भाजलं होतं, ते?"

कुडतरकरांनी आठवायचा प्रयत्न केला. मग ते मागे वळले आणि मला म्हणाले, "वामनराव, आता ही रोज एकेक विचारणार. पण खरं सांगू? ह्यातलं खरं घडलेलं कुठलं आणि मी हिला सांगितलेलं कुठलं, ते माझं मलाच आता उमगत नाही."

"आठवेल तेवढं सांगा," काकू म्हणाल्या. "चुकलं तर चुकलं."

त्यांनी खिडकीची काच थोडी वर सरकवली, पर्स मांडीवर घेतली आणि त्यांच्याकडे तोंड करून बसल्या. कुडतरकर अजून चाचपडत होते. "लूप म्हणजे काय, ते आधी सांगतो," ते म्हणाले. "मेन लाईनच्या बाजूला एक जादा रूळ असतो बघ..."